गल्लीतला दवाखाना, बाटलीत खुपसून ठेवलेली सुई, आणि विचारायचं कसं?

सांजवारा | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

आम्ही दीड वर्षापूर्वी इकडे राहायला आलो (पुण्याच्या जरा बाहेर, भागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही). सोसायटीच्या गेटसमोरच एक दवाखाना आहे. डॉक्टर साठी उलटलेले, तीस वर्षं इथेच, ते आले तेव्हा समोर नुसता ऊस होता म्हणे. माणूस खरंच चांगला. फी दीडशे, नसतील तर "पुढच्या वेळी द्या", आणि कोविडात बाकीचे बंद करून बसले होते तेव्हा हे अर्धं शटर वर करून पेशंट बघत होते असं सगळेच सांगतात. सासूबाईंचा तर त्यांच्यावर इतका विश्वास की हाताला गुण आहे म्हणतात, निम्मं दुखणं पायरी चढतानाच कमी होतं म्हणे.

तर मागच्या गुरुवारी आईंचा (सासूबाई, वय ७२, शुगर आहे दहा-बारा वर्षं) गुडघा धरला म्हणून घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, "सुई देतो, उद्या चालायला लागाल" म्हणाले. पडद्यामागे टेबल आहे तिथे त्यांच्याकडच्या मावशी इंजेक्शन भरत होत्या. ट्रेमध्ये दोन बाटल्या, आणि एका बाटलीच्या रबरी बुचात एक सुई आधीपासूनच खुपसून ठेवलेली, नुसती उभी. मावशींनी नवीन सिरिंज माझ्यासमोर फोडली हे खरं, पण तिची सुई काढून बाजूला ठेवली, सिरिंज त्या उभ्या सुईला लावली, औषध ओढून घेतलं, परत आपली सुई बसवली आणि दिलं. ती उभी सुई तशीच बाटलीत, पुढच्या पेशंटसाठी. बाटलीवरचं लेबल बोटं लागून लागून पुसट झालेलं. हातात ग्लोव्हज नाहीत, हात धुतलेले मी तरी पाहिले नाहीत, त्याच हातांनी जरा आधी पैसे मोजत होत्या.

वर कॅलेंडरच्या कागदाच्या चार पुड्या. उघडून बघितलं तर एक पिवळी, एक अर्धी पांढरी आणि एक बारीक गुलाबी गोळी. नाव नाही, चिठ्ठी नाही.

आई दुसऱ्या दिवशी खरंच चालायला लागल्या हो! पण सकाळी उपाशीपोटी शुगर ३१८. एरवी १३०-१४० असते. दोन दिवस तशीच वर, मग हळूहळू खाली आली. आता आईंचं म्हणणं की मी उगाच डॉक्टरांना बोल लावतेय आणि परवा लग्नात श्रीखंड खाल्लं होतं त्याने झालं असेल. नवरा म्हणतो दुसरीकडे जाऊ या, विषय संपला. पण जवळ दुसरं कोण आहे? मोठ्या हॉस्पिटलात नुसतं दाखवायला सातशे आणि अर्धा दिवस.

माझा प्रश्न एवढाच की हे असं चालतं का, मी उगाच घाबरतेय का, आणि तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या वयस्कर माणसाला "तुमची सुई स्वच्छ आहे का" हे कोणत्या तोंडाने विचारायचं?

अर्धाकप | मंगळवार, रात्री ११:५८

पुड्या!! आमच्याकडे पण सेम. विचारलं तर "ताकदीची आहे". वाचतेय.

खडूस_आजोबा | बुधवार, सकाळी ६:१२

आमच्या लहानपणी काचेची एकच सिरिंज स्टोव्हवर उकळत असायची आणि सगळ्या गावाला तीच. कंपाउंडर लाल मिक्स्चर बाटलीत भरून द्यायचा, बाटली आपण घरून न्यायची, आणि डोस कळायला कागदाची कातरलेली पट्टी डकवायचा. त्यात काय होतं कोणाला माहीत होतं? बरे होत होतो. आता दीडशे रुपयांत देवमाणूस मिळालाय तर त्याची उलटतपासणी. अशाने हे फॅमिली डॉक्टर संपणार आणि मग बसा कॉर्पोरेटच्या रांगेत टोकन घेऊन. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या), पण जरा विचार करा.

निळीछत्री | बुधवार, सकाळी ९:३०

आजोबा, दिवे घेतले, पण निदान ती सिरिंज उकळत तरी होती. :)

सांजवारा, मी स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं झाली. तू घाबरतेयस ते बरोबर आहे. बाटलीत सुई उभी ठेवायचीच नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. सुई म्हणजे पोकळ नळी ना, तिचं वरचं तोंड उघडं, म्हणजे बाटलीला खिडकीच करून ठेवली. हवेतलं, हाताचं, ट्रेवरचं काहीही आत जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे समज घाईत कोणी एकदा टोचून झालेली सिरिंज "अजून थोडं घेऊ" म्हणून परत त्या सुईला लावली, तर त्या पेशंटचं रक्त बाटलीत. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही इतकं थोडं पुरतं. मग पुढचे दहा पेशंट नवीन सिरिंज फोडून घेतील आणि खूश राहतील. हिपॅटायटिस बी आणि सी अशानेही पसरतात.

बरोबर पद्धत अगदी सोपी आहे. हात धुवायचे, बुच स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, दर वेळी नवीन सुई, नवीन सिरिंज, भरलं की सुई बाहेर. एकाहून जास्त डोसची बाटली फोडली की तिच्यावर तारीख घालायची, कंपनीने वेगळं काही लिहिलं नसेल तर २८ दिवसांनंतर फेकायची, मध्येच गढूळ वाटली तर त्याआधीच. साधं इंजेक्शन द्यायला ग्लोव्हज नसले तरी चालतं, त्यावरून भांडू नकोस, हात मात्र धुतलेच पाहिजेत.

पुढच्या वेळी गेलीस की आणखी एक बघ. टोचून झाल्यावर सुई कुठे जाते? कटरमध्ये घालून तिथल्या तिथे तोडतात की टोपण लावून डब्यात टाकतात? २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम छोट्या दवाखान्यांनाही आहेत, फक्त मोठ्या हॉस्पिटलांना नाहीत. सुयांना पांढरा, आरपार न टोचणारा डबा, सिरिंजच्या प्लास्टिकला लाल, काचेच्या बाटल्यांना निळा, रक्ताच्या कापसाला पिवळी पिशवी. जिथे हे सगळं एकाच बादलीत दिसेल तिथे बाकीचं काय चालत असेल ते समज.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १:०५

माझा अनुभव लिहितो. मोठा आहे पण लिहितोच.

पाच वर्षांपूर्वी कंबर भरली म्हणून तालुक्याच्या गावी एकांकडे (नाव नको) सलग तीन दिवस कुल्ल्यावर इंजेक्शनं घेतली. कंबर राहिली, विसरूनही गेलो. पंचवीस-सव्वीस दिवसांनी त्याच जागी सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती म्हणून सोडून दिली. मग लिंबाएवढी झाली, मग फुटली. सर्जनकडे गेलो, चिरा दिला, पंधरा दिवसांनी परत भरली. परत चिरा. साध्या अँटिबायोटिक्सना दाद देईना तेव्हा त्यांनी पू तपासायला पुण्याला पाठवला, रिपोर्टला कित्येक आठवडे, आणि निघालं काय तर टीबीच्याच जातकुळीतला पण टीबी नसलेला एक जंतू, जो साध्या पाण्यात-मातीत सापडतो. सर्जन म्हणाले की हा सुईबरोबर आत जातो, आणि महिनाभर गप्प बसतो म्हणून माणसाला इंजेक्शन आठवतच नाही. पाच महिने गोळ्या खाल्ल्या. पाच महिने मोटरसायकलवर एका बाजूला बसून गेलो, लोक हसायचे.

त्या डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं तर म्हणाले, "माझ्याकडे दिवसाला साठ पेशंट, तुलाच कसं झालं?" आता याला काय उत्तर द्यायचं. माझ्याकडे ना चिठ्ठी ना केसपेपर. कोणतं इंजेक्शन होतं ते आजही मला माहीत नाही.

सांजवारा | बुधवार, दुपारी १:२०

बापरे. वाचून अंगावर काटा आला.

तालुकेवाला_डॉ | बुधवार, रात्री १०:४५

ओपीडी आटोपून आत्ता वाचतोय. मी जीपी (जनरल प्रॅक्टिशनर) आहे, एमबीबीएस, बावीस वर्षं झाली, म्हणजे तुमच्या धाग्यातला आरोपीच समजा.

आधी सासूबाईंचं. पेशंट न बघता निदान करत नाही, पण गुडघा धरला + एक सुई + दुसऱ्या दिवशी ठणठणीत + शुगर दोन-तीन दिवस वर, यावरून माझा पहिला संशय स्टिरॉइडवर. दुखण्याच्या इंजेक्शनबरोबर थोडं स्टिरॉइड द्यायची पद्धत खूप आहे. गुण झटपट येतो. "हाताला गुण" मधला बराचसा गुण त्या छोट्या बाटलीतला असतो हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. कधीमधी, कारण असेल तर, स्टिरॉइड चुकीचं नाही, पण डायबेटिसच्या पेशंटला सांगून द्यायचं, शुगर बघायला लावायची. आणि ती बारीक गुलाबी किंवा अर्धी पांढरी गोळी कोणती आहे हे कळल्याशिवाय उरलेल्या पुड्या देऊ नका. आधीच दिल्या असतील तर घाबरू नका, पण असल्या पुड्या महिनोन् महिने चालू असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद कराव्या लागतात. दुखण्याच्या गोळ्यांचाही किडनीवर भार असतो. बीपीच्या गोळ्या चालू आहेत का त्यांच्या? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं?

आता आमची बाजू. मी पहिली दोन वर्षं ठरवून सुई देत नव्हतो. सर्दी-तापाला सुई लागतच नाही. काय झालं, पेशंट फी देऊन माझ्या तोंडावर "काहीच दिलं नाही" म्हणायचे आणि समोर जायचे, तिथे तासाभरात सलाईन लटकलेलं असायचं. शेतावरून रोज बुडवून आलेल्या बाईला उद्या कामावर जायचंय, तिला मी "व्हायरल आहे, पाच दिवस आराम करा" सांगतो तेव्हा माझंच मला हसू येतं. २००४ च्या आसपास देशभर एक मोठी पाहणी झाली होती, तेव्हा भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जात होती आणि त्यातली ६० टक्क्यांहून जास्त असुरक्षित. त्यानंतर काचेची सिरिंज गेली, डिस्पोजेबल आली, लोकांना वाटलं प्रश्न सुटला. बाटलीकडे कोणी बघितलंच नाही.

हे फक्त गळवावर थांबत नाही. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊला तपासणी शिबिरांत डझनावारी माणसं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. सायकलवरून फिरून स्वस्तात सुई देणाऱ्या एका बिनडिग्रीवाल्यावर ठपका आला. तो भोंदू होता, तुमचे डॉक्टर नाहीत, हे मान्य. पण विषाणू डिग्री विचारत नाही.

विचारायचं कसं म्हणताय, तर "स्वच्छ आहे का" असं विचारू नका. कोणीही भडकेल, मीसुद्धा. "डॉक्टर, आईंची शुगर ३१८ झाली होती, काय दिलं होतं ते लिहून द्याल का, शुगरच्या डॉक्टरांना दाखवायचंय" असं विचारा. नाव लिहून देण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत केसपेपर मागितला तर ७२ तासांत द्यावा असं आहे, दवाखान्यात आणि चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर असावा असंही आहे, पण हे कलमं काढून सांगू नका, उपयोग होणार नाही. शुगरचा आकडा दाखवा. आकड्याशी कोणाला भांडता येत नाही.

गोळीवाला | बुधवार, रात्री ११:१०

डॉक्टर साहेबांशी सहमत. मी मेडिकल स्टोअर चालवतो. पुडीवाले दवाखाने गोळ्यांचे हजार-हजारचे डबे आणतात, सुट्ट्या, स्वस्त पडतात आणि नाव लपतं, म्हणजे पेशंट माझ्याकडून परस्पर घेत नाही, परत तिथेच जातो. आणि पुडीत एक्स्पायरी कुठे कळणार? अर्धी गोळी तुटलेली असते, दमट हवेत चार दिवसांत भुकटी होते.

पण खापर फक्त डॉक्टरांवर नको. माझ्या काउंटरवर रोज दहा जण तरी "ती तीन दिवसांची पाचशेची द्या" म्हणून अँटिबायोटिक मागतात, चिठ्ठी मागितली की शेजारच्या दुकानात जातात. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स एच-वन या जास्त कडक यादीत आहेत, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. मी लिहितो. हसतात मला.

झणझणीत | गुरुवार, सकाळी ८:०२

मूळ मुद्दा कोणीच बोलत नाही. हे डॉक्टर आहेत कशाचे? एमबीबीएस की होमिओपॅथी की आयुर्वेद? बोर्डावर नुसतं "डॉ." असेल तर समजून जा. १९९६ ला मुंबईच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, होमिओपॅथीचा डॉक्टर असून अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला, तीन लाख भरपाई. आणि आता एक वर्षाचा कोर्स करून हेच लोक...

बाराक्षार | गुरुवार, सकाळी ८:२०

झालं सुरू. खेड्यात रात्री दोनला कोण उठतं हो, तुमचे एमडी? आमच्या गावात बीएचएमएस (होमिओपॅथीचे) डॉक्टर नसते तर माझा भाऊ विंचू चावला तेव्हाच गेला असता. आणि बाटलीत सुई खुपसून ठेवणारे एमबीबीएसपण मी पाहिलेत.

झणझणीत | गुरुवार, सकाळी ८:२६

भावाचं सोडा, कायदा काय म्हणतो ते...

प्रशासक | गुरुवार, सकाळी ९:१५

सीसीएमपी (होमिओपॅथीवाल्यांचा तो एक वर्षाचा अ‍ॅलोपॅथीचा) कोर्स, मेडिकल कौन्सिलचं वेगळं रजिस्टर आणि २०२५ चा डॉक्टरांचा संप यावर आधीच दोन धागे आहेत, त्यातला एक कुलूपबंद करावा लागला. या धाग्याचा आखाडा करू नका. पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत.

लीड्सकर | गुरुवार, दुपारी ३:४०

जरा अवांतर. मी इंग्लंडमध्ये आहे चौदा वर्षं. इथे गल्लीतल्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, ऑपरेशन होत नाही तरी. सीक्यूसी म्हणून सरकारी संस्था येऊन तपासते. सुरक्षित आहे का, उपयोगी आहे का, आपुलकीने वागतात का, गरजेला मिळतात का, कारभार नीट आहे का, असे पाच प्रश्न आणि त्यावर शेरा, अगदी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा. तो शेरा दारात लावावाच लागतो. लसींचा फ्रिज २ ते ८ डिग्रीत आहे की नाही याची रोजची वहीसुद्धा बघतात.

आता फार हुरळू नका. आमच्या सर्जरीला "गुड" आहे, पण सकाळी ८ ला फोन लावायचा, लाईनमध्ये तुमचा नंबर सत्ताविसावा, साडेआठला रिसेप्शनिस्ट सांगते आजच्या वेळा संपल्या. मिळालीच तर दहा मिनिटं. आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "तुमच्या डॉक्टरने मला हात पण लावला नाही, कॉम्प्युटरकडेच बघत होता." आणि हायड गावात शिपमन नावाचा जीपी होता, पेशंटांचा प्रचंड लाडका, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बघायचा. २००० साली १५ खुनांसाठी शिक्षा झाली, चौकशीत दोनशेच्या वर निघाले. अगदी टोकाचं उदाहरण आहे, पण "इतका चांगला माणूस आहे" यावर कुणी वेळेत नीट तपासलंच नाही हे तिथे फार महागात पडलं.

आपल्याकडे असं तपासायला कोणी येतं का?

तालुकेवाला_डॉ | गुरुवार, रात्री १०:३०

खाटा असतील तर येतात. १९४९ चा नर्सिंग होम कायदा आहे, २०२१ मध्ये नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायचं वगैरे. पण ते खाटा असलेल्या हॉस्पिटलांना. नुसत्या ओपीडीच्या दवाखान्याला नाही. केंद्राचा २०१० चा कायदा छोट्या दवाखान्यांनाही धरतो, तो महाराष्ट्राने घेतलेला नाही. कौन्सिल रजिस्ट्रेशन बघतं, पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी लेक्चरं ऐकून ३० पॉइंट. मी गेल्या बावीस वर्षांत कितीतरी लेक्चरं ऐकली, पण माझा ट्रे येऊन कोणी बघितलेला नाही. कचऱ्याची गाडी तेवढी येते, तो पोरगा पिशवीचं वजन बघतो.

खरं सांगायचं तर हा धागा वाचून आज सकाळी मी माझा ट्रे बघितला. सुई नव्हती. पण दोन उघड्या बाटल्यांवर तारीख नव्हती. आणि इमर्जन्सीच्या डब्यातलं अ‍ॅड्रेनलिन मार्चमध्येच एक्स्पायर झालेलं. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली तर पहिल्या काही मिनिटांत मांडीत द्यायचं औषध आहे ते, तेच नाही तर मी इंजेक्शन देतोच कशाला. बायकोने दुपारी नवीन आणलं.

निळीछत्री | गुरुवार, रात्री १०:५०

डॉक्टर, हे लिहिलंत त्याबद्दल __/\__

खडूस_आजोबा | शुक्रवार, सकाळी ६:०५

सौ.ला आमच्या डॉक्टरांकडच्या पुड्या दाखवल्या. म्हणते त्यातली पिवळी मी गेली चार वर्षं खात नाही, कुंडीत टाकते. काय बोलणार.

अर्धाकप | शुक्रवार, सकाळी ९:००

कुंडीतल्या झाडाचे गुडघे कसे आहेत आता? =))

सांजवारा | पुढचा मंगळवार, रात्री ११:१५

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. (डॉक्टर साहेब, पुड्या चारच होत्या, दोन दिल्या गेल्या, बाकीच्या काढून ठेवल्या. क्रिएटिनिन १.३ आलं, शुगरच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या अजिबात नको म्हणून सांगितलंय.)

शनिवारी संध्याकाळी गेले. मुद्दाम शेवटचा नंबर लावला. आईंना नेलं नाही. ग्लुकोमीटरमधले आकडे कागदावर लिहून नेले होते, ३१८, २९०, २४४, तारखेसकट. तालुकेवाल्यांनी सांगितलं तसंच बोलले, चार वेळा घरी म्हणून बघितलं होतं तरी आवाज कापत होता. डॉक्टरांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर नेला, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं आता हाकलतात. मग म्हणाले, "यांना शुगर आहे हे मला माहिती होतं. विसरलो." एवढंच. ड्रॉवरमधून एक जुनं पॅड काढलं, धूळ झटकली आणि दोन्ही इंजेक्शनं, तिन्ही गोळ्या मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. स्टिरॉइडच होतं, आणि अर्धी पांढरी गोळीसुद्धा स्टिरॉइडचीच. चिठ्ठीवर नंबर होता, घरी येऊन कौन्सिलच्या साईटवर बघितला, एमबीबीएस, चालू आहे.

सुईचं मी विचारणार नव्हते. पण निघताना धीर आला म्हणून म्हटलं की डॉक्टर, त्या बाटलीत सुई असते ना कायम, माझी एक मैत्रीण नर्स आहे ती म्हणत होती काढून ठेवावी (निळीछत्री, सॉरी, तुला मैत्रीण केलं). इथे मात्र त्यांचा चेहरा बदलला. "तीस वर्षांत माझ्याकडे एक गळू झालं नाही" म्हणाले. मला कृष्णाकाठ आठवले पण मी काही बोलले नाही. मावशी पडद्याआडून ऐकत होत्या.

काल शेजारच्या काकूंना घेऊन परत जायची वेळ आली, त्यांना ताप होता. बाटलीत सुई नव्हती. मावशींनी माझ्याकडे बघत बघत, जरा रागानेच, नवीन सुई फोडली, बुच कापसाने पुसलं आणि भरून झाल्यावर सुई माझ्या डोळ्यांसमोर धरून डब्यात टाकली. डबा म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, झाकणाला भोक पाडलेला. तारीख काही बाटलीवर नव्हती. आणि काकूंना पुड्या मिळाल्याच, चार.

मी तिथेच विचारलं, यात काय काय आहे? मावशी म्हणाल्या, "आत जाऊन विचारा, आता लिहून देतात ते."

निळीछत्री | पुढचा मंगळवार, रात्री ११:३२

मैत्रीण चालेल. श्रीखंडाच्या डब्याचं प्लास्टिक पातळ असतं गं, सुई आरपार येते, कचरेवाल्या पोराच्या हाताला लागेल. कटर तीन-चारशेत येतो. काकूंचा ताप उतरला का?

सांजवारा | पुढचा मंगळवार, रात्री ११:४०

उतरला. उद्या त्यांच्या पुड्यांची चिठ्ठी घ्यायला जातेय, तेव्हा कटरचं मावशींनाच सांगते, डॉक्टरांना नको.